लहान होत गेलेलं टोपरं

काल लेकीने लोकरीचा गुंडा आणला. तिला सातवा महिना आहे. "आई, टोपरं शिकव ना. एकदम सोपं असतं म्हणे." नव्या लोकरीचा वास आला आणि मला जोगेश्वरीची चाळ आठवली.

तेव्हा हीच लेक माझ्या पोटात होती. शेजारच्या काकू मला क्रोशाची सुई धरायला शिकवत होत्या. माझं पहिलं टोपरं फारच लहान झालं. "अगं, बाहुलीला घालतेस काय? टाके गाळतेस तू," असं म्हणत काकूंनी ते उसवलं आणि स्वतः विणायला घेतलं. भर दुपार होती, तरी चाळीत कसलाच आवाज नव्हता. काकूंनी एकेक टाका मोजून घातला, पण त्यांचं टोपरं माझ्या टोपऱ्याहूनही लहान झालं. काकूंनी सुई खाली ठेवली. "राहू दे गं आता."

लेक आठव्या महिन्यातच झाली, मूठभर जीव. तिला ते टोपरं नेमकं बसलं. मी हसले. काकू दारातूनच म्हणाल्या, "बरं झालं, पुन्हा उसवलं नाही."

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. काल मात्र मी लेकीच्या हातातला गुंडा काढून घेतला. म्हटलं, "आधी बाळ येऊ दे. त्याच्या डोक्याचं माप घेऊन विणू."