टीव्हीनाना आणि पोटातला कॅमेरा

टीव्हीनाना नसते तर मी आज सूतगिरणीजवळच्या या खोलीत बसून काही लिहीत नसतो. हे आधी सांगून टाकतो, झालं काय ते मागून सांगतो. कारण नानांचं नाव मागं राहिलं आणि माझ्या दुखण्याचंच पुराण पुढं आलं, तर ते मला बरं वाटणार नाही.

नाना आमच्या आष्टी तालुक्यातले, माझ्या घराला लागून त्यांचं घर. नात्यानं कुणी नाहीत. माणूस साधा, पण एक खोड अशी की कुठलीही पोकळ वस्तू दिसली की आत डोकावल्याशिवाय पाय पुढं पडत नाही. चहाचा पेला हातात आला की आधी आत बघतील, मग फुंकतील. रांजणात बघतील, पाहुण्यांच्या थैलीत बघतील, लग्नाच्या पंगतीत भाजीच्या पातेल्याचं झाकण उचलून आचाऱ्याच्या शिव्या खातील. एकदा एका लग्नात त्यांनी मांडवाला बांधायच्या भोंग्यात डोकं घातलं आणि नेमकं त्याच वेळी मांडववाल्यानं मशीन चालू केलं. पुढं दोन दिवस ते डाव्या बाजूनं बोलणाऱ्याला "काय?" म्हणत होते. कुणी हसलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "वरून काय कळतंय? वरून समदं झ्याकच दिसतंय."

पण टीव्हीनाना हे नाव त्यांना दुष्काळानं दिलं. एकामागून एक कोरडी वर्षं आली आणि गावात जो तो बोअर घेऊ लागला. कुणाचा बोअर मधेच ढासळायचा, कुणाची मोटर आत अडकून बसायची, आणि खाली नेमकं काय झालंय हे वरच्या माणसाला कळायचं नाही. तेव्हा आमच्या गावच्या शेती सोसायटीच्या सभासदांनी बैठक घेऊन ठरवलं की एकेकट्यानं आंधळेपणानं खर्चात पडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून बोअरमध्ये सोडायचा कॅमेरा घ्यावा. लांब केबल, केबलच्या टोकाला दिवा लावलेला कॅमेरा आणि वर बघायला छोटा टीव्ही. नानांचा जन्म जळालेल्या मोटरींची तार नव्यानं भरण्यात गेला होता, म्हणून तो त्यांच्या हवाली झाला. डोकावायची खोड असलेल्या माणसाला सोसायटीनं सहाशे फूट डोकावायचं यंत्र दिलं. मग काय विचारता.

पडद्यावर ऊन पडू नये म्हणून नाना टीव्हीवर घोंगडं धरत आणि त्या घोंगड्याखाली बोअरवाल्याचं सगळं घर डोकी घालून बसे. नाना केबल सोडत आणि सांगत जात, "ही बघा कपार. हितं ओल हाय. हितं दगूड निसटलाय." एका शेतकऱ्यानं मात्र त्यांना बांधावरूनच परत फिरवायचा प्रयत्न केला. म्हणाला, "राहू द्या नाना. पाणी नसलं तर उगं जिवाला घोर."

नाना म्हणाले, "न बघितल्यानं पाणी येणार हाय व्हय? आरं, मोटर कुठं अडकली ते कळलं तर काढता तरी येती. निघण्यासारखी हाय तवर बघावं."

त्यांची एकच अट असे. आदल्या दिवशी बोअर उपसून ठेवायचा आणि पाणी निवळू द्यायचं. ते केलेलं नसलं तर नाना गाडीतून केबल खाली घेत नसत. "गढूळ बोअरमदी कॅमेरा सोडायचा म्हंजी डोळं मिटून पोरगी बघायची," असं म्हणून ते तसेच माघारी जात. ही अट लक्षात ठेवा, पुढं ती त्यांच्यावरच उलटणार आहे.

आता माझं. मी जन्माचा धास्तावलेला. सातवीतून शाळा सुटली आणि कामाच्या मागं इकडं लांब सूतगिरणीत आलो, त्या दिवशी मला एसटीत बसवायला नानाच आले होते. माझी ट्रंकसुद्धा त्यांनी उघडून बघितली आणि म्हणाले, "समदं हाय. धीर तेवढा इसरला बघ घरी." तेव्हापासून मला त्यांनी घाबरगुंड्या हेच नाव ठेवलं. गावी गेलो की सोसायटीच्या ओट्यावर बसून चारचौघांत हाक मारायचे, "आलं का आमचं घाबरगुंड्या?"

पंचेचाळिशी ओलांडली आणि मला शौचाला रक्त दिसायला लागलं. मी कुणाला सांगितलं नाही. गिरणीत बसून काम, वर तिखट खाणं, म्हणजे मूळव्याधच असणार, असं मीच ठरवलं. एक चूर्ण आणलं, संपलं की दुसरं आणलं. रक्त थांबलं की वाटायचं सुटलो, दिसलं की नवी पुडी. सकाळी खाली बघायचंच नाही, अशी सवय लावून घेतली. बायकोनं विचारलं, "वाळलात कशानं?" तर म्हणालो, "गिरणीत उकडतं."

दिवाळीला गावी गेलो. घरच्या ओट्यावर जेवताना नानांनी मला मिरचीचा ठेचा बाजूला सारताना बघितलं, बूड टेकायच्या आधी घोंगडी दुमडून घेताना बघितलं. त्यांनी मला हाताला धरून गोठ्यामागं नेलं आणि सरळच विचारलं, "रगत जातंय का?"

"मूळव्याध हाय, नाना."

"कुणी बघितलं?"

"बघायचं काय त्यात?"

नाना गव्हाणीत डोकावले. मग म्हणाले, "आमच्या धाकल्याचंबी मूळव्याधच हुतं. दोन वर्सं समद्यांनी पुड्या दिल्या, मीबी दिल्या. आत कुणीच बघितलं न्हाई. बघितलं तवा डाक्टर म्हनला, आता काढण्यासारखं ऱ्हायलं न्हाई." एवढंच बोलले. धाकटा भाऊ पोटाच्या दुखण्यानं गेला हे गावाला माहीत होतं, पण नाना त्यावर बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

मी घराकडं वळलो. ते बघून त्यांनी लगेच सूर बदलला. "आरं, कायबी नसतंय त्यात. मागून बारका कॅमेरा घालत्यात. मी सोता करून घेतलीय. झोपीचं औशीद देत्यात, मुंगी चावल्यावानीबी वाटत न्हाई." नानांनी करून घेतलीय म्हटल्यावर मला निम्मा धीर आला.

नगरच्या एका दवाखान्यात दोघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, म्हणाल्या की रक्त मूळव्याधीचं असेल किंवा नसेल, आतून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. कोलोनोस्कोपी करू. नानांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू बाईंनी त्यांचंच वाक्य चोरलं. नर्सनं पाण्यात कालवून प्यायचं औषध दिलं आणि बजावलं, "उद्या दिवसभर जेवायचं नाही. पाणी, नारळपाणी चालेल."

नगरात नानांच्या भाचीकडं उतरलो होतो. नानांनी तिला सांगितलं, ह्याला उद्या जेवायचं नाही. ती माउली म्हणाली, "मग उपासाचं करते." आणि सकाळ होताच तिनं भगर टाकली, शेंगदाण्याची आमटी केली, वर राजगिऱ्याचे लाडू. मी ताटाकडं बघून जरा बिचकलो. म्हणालो, "नाना, चालंल का?"

"जेवू नको म्हनल्यात. भगर काय जेवान हाय का?" नाना म्हणाले आणि मला सोबत म्हणून स्वतःही दोनदा आमटी घेतली. संध्याकाळी मी ते औषध प्यालो. चव अशी की समुद्रात लिंबू पिळावं.

पुढच्या सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काल काही खाल्लं नाही ना?"

"नाही बाई. कडक उपास," मी म्हणालो.

बाईंनी मान वर केली. "उपासाला काय खाल्लं?"

नानांनी अगदी मोकळेपणानं सगळं सांगितलं, लाडवासकट. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "नाना, तुम्ही काय काम करता?"

"बोअरमदी कॅमेरा सोडतो जी."

"गढूळ पाण्यात काही दिसतं का तुम्हाला?"

नानांचं तोंड मी जन्मात विसरणार नाही. सबंध तालुक्याला ज्या अटीवर त्यांनी माघारी पाठवलं, त्याच अटीवर आज ते माघारी निघाले. जिन्यावरून उतरताना म्हणाले, "गावात बोललास तर बघ."

बाईंनी पुन्हा औषध देऊन नवी वेळ दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी मात्र नानांनी कसर काढली. भाचीच्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. स्वतःही पाण्यावर राहिले, सोबत म्हणून. मी औषध पिऊन संडासात गेलो की बाहेरून पहारा. आणि दर खेपेला शेजारच्या बिऱ्हाडालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारणा, "पाणी निवळलं का?"

"न्हाई अजून."

"निवळशंख झाल्याबिगर सांगू नगं."

शेवटी मी आतून ओरडलो, "निवळलं, नाना." तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाई भाचीला म्हणाल्या, "बरं झालं गं, कुणाची विहीर होती?"

पुढच्या सकाळी मला तपासणीला नेलं. काय निघेल, पोरीच्या लग्नाचं काय होईल, सगळं एकदम डोक्यात आलं. नानांनी माझे कपडे, पाकीट घेतलं आणि चपला उचलून मांडीवर ठेवल्या. मी म्हणालो, "नाना, चपला खाली ठेवा की." ते म्हणाले, "खाली ठिवल्या की कुणीबी नेतंय. ह्या घालूनच तुला घरी जायचंय." मग त्यांनी बाईंना विचारलं, आत येऊन टीव्ही बघू का. बाईंनी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा आत आणि नाना बाहेर.

हातात सुई टोचली, छताचा पंखा बघितला, आणि डोळे उघडले तेव्हा सगळं झालेलं होतं. मुंगीचं काही नानांनी खोटं सांगितलं नव्हतं. पोटात थोडा गॅस धरला होता, बस्स. बाईंनी दोघांना बसवून फोटो दाखवला. आतड्याच्या भिंतीला एक मांसाचा कोंब आला होता, रक्त त्याचंच. तो त्यांनी कॅमेऱ्यातूनच कापून काढला होता आणि तपासायला पाठवला होता. नानांनी फोटो उजेडाकडं धरला. "कपारीला कोंब," म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी फोटो खाली ठेवला नाही.

पुढं अहवाल आला. कर्करोग नव्हता, पण कोंब त्याच वाटेवरचा होता. तसाच ठेवला असता तर पुढं काय झालं असतं, ते बाईंनी हळू आवाजात सांगितलं. काही वर्षांनी पुन्हा बघायला या म्हणाल्या. मी रडलो. नाना मला म्हणाले, "आता कशाला रडतो, निघाली की मोटर."

मग बाई नानांकडं वळल्या. "तुमच्या सख्ख्या भावाला आतड्याचा कर्करोग होता, असं पहिल्या दिवशी म्हणालात. तुमची तपासणी कधी झाली?"

नानांनी चहाचा रिकामा पेला उचलला आणि आत बघितलं.

"नाना?" मी म्हणालो.

"न्हाई झाली," नाना म्हणाले.

येताना एसटी कडा गावाच्या स्टँडवर थांबली. तेव्हा नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दुसऱ्याच्या बोअरमदी बघताना भ्या वाटत न्हाई रं. धाकल्याचं बघितलं तवापून... जाऊ दे." घाबरगुंड्या कोण, हे त्या दिवशी मला कळलं, पण बोलायची हिंमत झाली नाही.

गावात मात्र त्यांनी माझा पार तमाशा केला. सोसायटीच्या सभेत हिशेब मंजूर झाले की नाना उठायचे आणि मी रजेवर असलो तर मला उभं करायचे. "ह्यो बघा. वरून कसा झ्याक दिसत हुता." बायाबापड्यांसमोर माझ्या पोटातलं सगळं निघायचं. मी लाजेनं मरायचो, पण त्या सभांमुळं गावातली माणसं गेली, हे खरं. कुणाला मूळव्याधच निघाली, कुणाचं काहीच निघालं नाही. किराणा दुकानवाले मन्मथअप्पा जाऊन आले आणि म्हणाले, "नाना, भगरीचं बरं झालं आधी सांगितलंत." म्हणजे तेही नानांनीच फोडलं होतं, आणि वर चूक माझ्या नावावर घातली होती.

वाचणाऱ्यांनो, मी काही शिकलेला माणूस नाही. पण रक्त दिसत असेल, पोटाची चाल बदलली असेल, घरात कुणाला हे दुखणं झालं असेल, तर चूर्णाच्या आडोशाला बसू नका. काहीच होत नसलं तरी पंचेचाळिशी-पन्नाशीला आलात की डॉक्टरांना एकदा विचारा. लाज वाटते, मलाही वाटली. ती संध्याकाळपर्यंत जाते.

नाना अजून गेलेले नाहीत. मी इथून फोन करतो, तर कधी केबल दुरुस्तीला असते, कधी म्हैस व्यायची असते. मागच्या खेपेला म्हणाले, "माझं समदं झ्याक हाय." मी म्हणालो, "नाना, वरून काय कळतंय?"  मग म्हणाले, "तू येशील का संगं?"

गिरणीत रजेचा अर्ज टाकलाय. नाना, तुमचं हे फेडायला माझ्याकडं दुसरं काही नाही. पण येतोय मी. भाचीच्या भगरीचा डबा कुलपात ठेवीन. संडासाबाहेर उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारीन, पाणी निवळलं का. आणि तुम्हाला आत नेलं की तुमच्या चपला मांडीवर घेऊन, दाराकडं तोंड करून बसेन. त्या घालूनच तुम्हाला घरी जायचंय.