डांबरात रुतलेले लांडगे आणि खोबरेल तेलाची बाटली

मुलीशी सौदा करताना जपून करावा. ती तो पाळते.

आमच्या मुग्धाला इथे सिंगापुरातच विद्यापीठात दोन जागा मिळाल्या होत्या, एक अकाउंटन्सीची आणि दुसरी भूशास्त्राची. पुढच्या सोमवारपर्यंत त्यातली एक स्वीकारायची होती. मी म्हटलं, "तू म्हणशील तिथे फिरायला नेतो. आल्यावर मी म्हणेन ती जागा घ्यायची."

"डील," ती म्हणाली. "लॉस एंजेलिस. डांबराचे तलाव. जुन्या प्राण्यांची हाडं सापडतात तिथे."

मला हसूच आलं. सोलापूरकडच्या रस्त्यांवर डांबराच्या पिंपाखाली जाळ घालत मी कामाला लागलो. आज इथे इमारतींच्या गच्च्या गळू नयेत म्हणून डांबराचे थर देतो, स्वतःचा धंदा आहे. ज्या वासात जन्म गेला तोच घ्यायला विमानाने जायचं! बायकोने दशम्या, भडंग आणि केसांसाठी खोबरेल तेलाची छोटी बाटली दिली. (शंभर मिलिलिटरच्या आतली घ्या, नाहीतर चांगी विमानतळावर काढून ठेवतात.)

अमेरिकेचे व्हिसा आमच्याकडे एका लग्नासाठी काढलेले होते. तुमचे नसतील तर मुलाखतीची तारीख फार आधी धरा. थेट विमान पंधरा तासांच्या आसपास घेतं आणि गंमत म्हणजे निघालो त्याच दिवशी आपण पोचतो. तिथे टॅक्सीच्या नादी लागू नका. बस स्वस्त आहे आणि हे तलाव आहेत त्या बागेच्या अगदी दारात सोडते. बागेत शिरायला पैसे नाहीत, संग्रहालयाला तिकीट आहे. बाहेरच्या गाडीवर राजमा भरलेले टाको मिळाले, लिंबू पिळून दोन-दोन खाल्ले.

ऐन शहरात, उंच इमारतींच्या मध्ये काळं तळं. त्यातून बुडबुडे येतात. काठाशी केसाळ मॅमथचा, म्हणजे हत्तीच्या जुन्या भाऊबंदाचा, रुतलेला पुतळा.

"डायनासोर कुठायत?" मी विचारलं.

"पा! डायनासोर त्याच्या किती आधी गेले. हे हिमयुगातलं, लाह." वैतागली की तिच्या मराठीला हे सिंगापुरी शेपूट फुटतं.

हिरवळीत मध्येच रस्त्यावरचे नारिंगी शंकू ठेवलेले दिसले. माझ्या लगेच लक्षात आलं, तिथे डांबर वर येतंय. हाताला सवय. वाकलो, चिमूटभर उचललं आणि अंगठा-बोटात ताणून बघितलं. पाकासारखी तार धरली. आमच्या कामात डांबर असंच पारखतात.

"सर!" रखवालदार धावत आला. मुग्धाने कपाळाला हात लावला. मी माफी मागितली. तिने दिलेल्या ओल्या रुमालाने डाग तळहातभर पसरला. मग खोबरेल काढलं आणि दोन मिनिटांत हात बराचसा स्वच्छ केला. नखाखाली तेवढं राहिलं.

आत एका भिंतीवर लांडग्यांच्या कवट्याच कवट्या, सगळ्या डांबराने चहाच्या रंगाच्या झालेल्या. मुग्धाने सांगितलं, इथे गवत खाणाऱ्यांपेक्षा शिकारी जास्त सापडतात. एखादा बैल अडकला की त्याला खायला दहा लांडगे यायचे आणि तेही अडकायचे. "डांबर खोल नसायचं पा, वीतभरसुद्धा नाही." ते मला कोणी सांगायला नको. वैशाखातल्या दुपारी नव्या रस्त्यावर चप्पल सोडून पळालेले लोक मी पाहिलेत.

काचेपलीकडे एक वयस्क बाई कुंचल्याने मातीतून किड्याचा पंख वेगळा करत होत्या. तासाभरात त्यांनी बोटभर माती चाळली असेल. मुग्धा जागची हलेना. मी बाकावर बसून डोळे मिटले, पण कान काही मिटत नाहीत. बाई काचेबाहेर आल्या आणि त्यांनी तिला इंग्रजीत विचारलं, "हेच शिकणार का तू?"

"नाही. अकाउंटन्सी."

"मग इतके प्रश्न कशाला विचारतेस?"

मुग्धा हसली. "माझ्या बाबांना डांबरातून बाहेर पडायला वीस वर्षं लागली. मी परत त्यात हात घातलेला त्यांना बघवणार नाही."

वाक्य माझंच होतं. घरी जेवताना मीच ते शंभरदा ऐकवलंय. डोळे तसेच मिटून ठेवले, उघडले असते तर मी ऐकलंय हे तिला कळलं असतं.

सोमवारी सिंगापुरात, बेडोकच्या आमच्या घरी तिने लॅपटॉप उघडला. "अकाउंटन्सी कन्फर्म करते हं, पा." आवाजात तक्रार नव्हती. तेच मला सोसेना.

"थांब," मी म्हटलं. "त्या काचेमागच्या बाई डांबराचे हात कशाने धुतात?"

"माहीत नाही. कसलंतरी सॉल्व्हंट असेल. का?"

"कातडी जाईल त्याने."

प्रवासातून परत आल्यावर काय उरलं म्हणाल, तर नखाखालची काळी रेघ, अजून आहे. ती बघत मी बॅगेतून अर्धी बाटली काढली आणि लॅपटॉपशेजारी ठेवली.

"हे वापर," म्हटलं. "भूशास्त्रात लागेल."