बाबांच्या नावाची मिस्सा

बाबा गेले आणि घरात वाद पेटला तो मिस्सेवरून. आई भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली, कॅथलिक. बाबा जळगावचे, प्रोटेस्टंट. लग्नानंतर आई मुकाट्यानं आमच्या चर्चमध्ये येत राहिली, प्रभुभोजनाला पाव आणि द्राक्षरस घेत राहिली. तिच्या मनात अजून दुसरं काही असेल असं कुणाला वाटलंही नाही. आता मात्र तिनं हट्टच धरला. भुसावळच्या फादरकडून बाबांसाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची वेदीवरची अर्पणाची उपासना, करून घ्यायची.

दादा भडकला. "ख्रिस्ताचं बलिदान एकदाच झालं, आई. आपण फक्त त्याची आठवण करतो. फादर काय ते वेदीवर पुन्हा अर्पण करणार? आणि बाबांना हे आवडलं असतं का?"

"आठवण येतेच रे, ती काय करावी लागते?" आई म्हणाली. "मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय."

रोज तेच. भाकरी थापताना तेच, जेवताना तेच. मला दादाचंच पटायचं, मीही त्याच चर्चमध्ये वाढलेली. पण बाई गं, किती तो काथ्याकूट! बाबांसाठी धड रडायलाही सवड मिळेना. शेवटी वैतागून एका रविवारी आईला घेतलं आणि पॅसेंजरमध्ये बसले. दादा स्टेशनवर सोडायलासुद्धा आला नाही.

मिस्सेच्या आधी फादरनी विचारलं, "कुणासाठी?"

"ह्यांच्यासाठी," आई म्हणाली.

"नाव?"

आईनं माझ्याकडे बघितलं. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं, आता कुठून घेणार! मग मीच सांगितलं. म्हणजे मिस्सा आईची, पण नाव दिलं मी. दादाला कळतं तर त्यानं मला फाडून खाल्लं असतं.

आम्ही मागच्या बाकावर बसलो. उकाड्यानं जीव नकोसा झालेला. हे एकदाचं कधी संपतंय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि फादरनी वेदीवरून बाबांचं नाव घेतलं. पूर्ण, अगदी स्वच्छ. इतके दिवस आम्ही त्यांच्यावरून भांडत होतो, पण त्यांचं नाव घरात कुणाच्या तोंडी आलंच नव्हतं. मला एकदम रडू फुटलं.

आईनं पदर सावरला आणि समोरच बघत हळूच म्हणाली, "अहो, ऐकलंत का?"