ऑपरेटरबाईंची खडीची वाट

सत्तावीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर लोकांचे नंबर जोडून दिलेल्या बाईंना निवृत्तीनंतरही सगळे ऑपरेटरबाईच म्हणत. नवरा ट्रकवर होता. मागच्या दारापासून नळापर्यंत वाट करायची म्हणून त्याने नदीकाठची बारीक, पिवळसर खडी परसात आणून टाकली होती. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता तो गेला आणि ढिगावर गवत उगवलं.

चार वर्षांनी त्याच परसातल्या चिखलात बाई घसरल्या. अर्धा तास उठता येईना. हाक मारायची तर कोणाला, हेच सुचेना. पाय धड झाला तशा त्या रंगाच्या दुकानात गेल्या, खडी एकमेकींना चिकटवून पक्की वाट करणारं रेझिन आणायला.

"रेझिनसाठी वाळवलेली खडी पोत्यात तयार मिळते," दुकानदार म्हणाला. "घरच्या खडीत जरा ओल राहिली, तर रेझिन दुधासारखं पांढरं पडतं. दगड सुटून येतात."

"घरचीच वापरायची आहे."

"मग खडखडीत वाळवा. आणि हे दोघांचं काम आहे. एकाने कालवायचं, दुसऱ्याने थापायचं. वीस मिनिटांत घट्ट होतं."

गवंड्याने खालचा भरड थर धुमसून दिला, कडेला फळ्या ठोकल्या. पण रेझिन बघून त्याने हात जोडले. "हे नवं प्रकरण आपल्याला झेपायचं नाही, बाई."

बाईंनी खडी चाळली, तीन पाण्यांत धुतली आणि घरभर चादरींवर पसरली. रविवारी परदेशातून लेकीचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, माझ्या पलंगावर काय आहे ते?"

"खडी. तुझ्या पंख्याखाली छान वाळते."

"माणूस लाव ना कोणी. आणि त्या वाटेवरून चालणार कोण?"

"मी चालते की," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या हातासाठी त्यांनी नणंदेला विचारलं. "गुडघे धरलेत गं, वहिनी," ती म्हणाली. ते खरंही होतं.

शेवटी बाईंनी एकटीला झेपेल एवढं एकेक घमेलं कालवलं. पहिलं घमेलं पांढरं पडलं. ते खरवडून टाकलं, उरलेली खडी आणखी तीन दिवस वाळवली. मग कालवायचं, धावत न्यायचं, गुडघ्यांवर बसून थापीने दाबायचं. दुपारपर्यंत वाट नळाला टेकली. घमेल्यागणिक सांधा दिसत होता.

वाट पक्की झाल्यावर, बुधवारी, त्यांनी तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. पाणी खड्यांमधून खाली झिरपलं. थेंबभरही साचलं नाही. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. लेक या वेळी कामावर असायची. रविवारला अजून चार दिवस होते.

बाईंनी आणखी एक बादली भरली.