मंगलताईची डिश

मंगलताई मला पहिल्यांदा दिसली ती पाठमोरी. विद्यापीठातल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर मी कपडे वाळत घालायला गेले होते. पाण्याच्या टाकीवर कोणीतरी बाई उभी. ओढणी कमरेला खोचलेली, हातात पाना, तोंडात दोन स्क्रू धरलेले. समोर टीव्हीची डिश. पावलांचा आवाज ऐकून तिने स्क्रू हातात घेतले आणि वळूनही न बघता म्हणाली, "खाली जाऊन बघ गं जरा, चित्र आलं का?"

"कुठल्या खोलीत?"

"सतरा नंबर."

सतरा नंबर माझी खोली होती. अख्खं सत्र मी तिथे एकटी, ऐसपैस राहिले होते. सकाळी मी तासाला गेले आणि दुपारपर्यंत दुसऱ्या खाटेवर वळकटी, टेबलावर जुना टीव्ही आणि खिडकीतून आत आलेली काळी वायर, एवढा संसार मांडून झाला होता. मी निमूटपणे पडद्याकडे बघत राहिले आणि चित्र आल्यावर खिडकीतून ओरडले, "आलं!" पुढे जे काही झालं त्याची सुरुवात मीच अशी करून दिली.

ती सोयगावजवळच्या एका खेड्यातली, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचे वडील, आबा, शेती सांभाळून गावोगाव डिश बसवायचे. एकदा कुणाच्या तरी पत्र्यावरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. मंगलताई तेव्हा बारावीत होती. तिने आबांची हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि त्यांची अर्धवट राहिलेली कामं पुरी करायला निघाली. "लोकं म्हणायची, पोरगी छपरावर चढती," ती सांगायची. "म्हटलं, मग डिश काय चुलीपाशी बसवायची व्हय?" हे करता करता ती पदवीधर झाली आणि उशिरा का होईना, पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.ला आली.

खोलीत टीव्ही लावायला अर्थातच बंदी होती. दुसऱ्या दिवशी वॉर्डन मॅडमनी बोलावलं. खालच्या सभागृहातला टीव्ही तीन वर्षं बंद पडून होता. मंगलताईने त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "मॅडम, हा चालू करून दिला तर?" मॅडम हसल्या. संध्याकाळपर्यंत तो चालू झाला होता. उंदरांनी वायर कुरतडली होती, एवढाच मामला. आवाज दाराबाहेर येता कामा नये, या अटीवर आमच्या खोलीतला टीव्ही राहिला.

"पण खाली टीव्ही आहे, हातात मोबाईल आहे. तुला खोलीतच काहून पाहिजे?" एका मुलीने विचारलं.

"खाली दहा जणींचे दहा चॅनल. आन् मोबाईलवर चित्र मागून येतं," मंगलताई म्हणाली. "आबा आधी हसतात, मी मग. असलं हसणं काय कामाचं?"

त्याचा अर्थ मला त्याच संध्याकाळी कळला. सात वाजता पोलिसांची एक मालिका लागायची. मंगलताई गावी फोन लावून तो टेबलावर ठेवायची. तिकडे आबा खाटेवर, इकडे ही. मालिका चालू असेपर्यंत दोघं गप्प. एकाच क्षणी दोघं चुकचुकायची, एकाच क्षणी हसायची. जाहिरात लागली की तुटून पडायची.

"आबा, खून डॉक्टरनं केलाय."

"येडी का काय! डॉक्टर भित्रा माणूस. तो भाऊच बघ, लई गोड बोलतोय."

"गोड बोलणारा खुनी असता तर आपला सरपंच फासावर गेला असता."

आबा खदखदून हसायचे. आठ-दहा दिवसांत मजल्यावरच्या सगळ्या मुली सात वाजता आमच्या खोलीत जमू लागल्या. या त्याच मुली, ज्या आधी माझ्याकडे नोट्ससाठी यायच्या. आता माझ्या खाटेवर बसून त्या "आबा, तो वॉचमन कसा वाटतो?" असं विचारायच्या आणि मी पुस्तक उघडून कोपऱ्यात बसायचे. पान उलटायचं भान मात्र राहायचं नाही.

मुली गेल्या याचा मला राग होता, हे मी स्वतःला सांगत असे. ते खोटं होतं. माझे बाबा परभणीच्या एका कॉलेजात प्राध्यापक. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "अभ्यास?" "चालू आहे." "तब्येत?" "बरी आहे." "ठेवू?" बाबा शेवटचे कधी हसले, मला आठवत नव्हतं. आणि इथे, खाटेवरून उठता न येणारा एक माणूस रोज माझ्या टेबलावर खदखदून हसत होता आणि त्यातलं एकही हसू माझ्यासाठी नव्हतं. मी जळत होते. दुसरा शब्द नाही.

मालिकेचा शेवटचा भाग होता, त्या दिवशी दुपारी मंगलताई प्रयोगशाळेत गेली. मी तिच्या पिशवीतला पाना काढला, गच्चीवर गेले, डिशचा नट ढिला केला आणि डिश वीतभर फिरवली.

सात वाजता पडद्यावर फक्त 'सिग्नल नाही'. मुलींनी एकच गलका केला. मंगलताई गच्चीवर धावली, तिच्या मागे सगळ्या, सगळ्यांच्या मागे मी. तिने डिशला हात लावला, नटावरून अंगठा फिरवला. पण पाना आणायला काही ती खाली गेली नाही. फोन काढून आवाज मोठा केला.

"आबा, आमच्याकडं चित्र नाय. तुम्ही बघा आन् आम्हाला सांगा."

"मी? मला काय सांगता येतं गं?"

"जसं दिसतंय तसं सांगा. पंधरा पोरी बसल्यात."

आबांनी घसा खाकरला. सुरुवातीला अडखळले. "आता... आता इन्स्पेक्टर आलाय. जीपमधून उतरला." मग रंग चढत गेला. ते पात्रांचे आवाज काढू लागले, मध्येच "थांबा, थांबा, हात खिशात घातलाय त्यानं" म्हणून श्वास रोखू लागले. समोर दूरवर दिसणारे मकबऱ्याचे मिनार संधिप्रकाशात काळे होत चालले होते आणि पंधरा मुली एका फोनभोवती कोंडाळं करून बसल्या होत्या. शेवटी खुनी भाऊच निघाला तेव्हा आबा ओरडले, "म्हणलो नव्हतो!" आणि गच्चीवर टाळ्या पडल्या. त्यांच्या आवाजात इतका आनंद मी कधीच ऐकला नव्हता. मी ज्याचं हसू बंद करायला गेले, त्याला मी पंधरा जणींचा दरबार मिळवून दिला होता. त्या रात्री मी जेवले नाही.

"डिश कशानं हलली गं?" एकीने विचारलं.

"वानरानं," मंगलताई म्हणाली. "लई झालीत इकडं."

सकाळी तिने मला गच्चीवर नेलं आणि पाना माझ्या हातात दिला. "वाऱ्यानं डिश हलती, वानरानंबी हलती. पण नट ढिला करायला पाना लागतो. तू हलवलीस, तूच बसव." ती खाली टीव्हीपाशी गेली आणि फोनवरून सांगत राहिली. "डावीकडं. अजून जरा. लई झालं, मागं घे. हां! आता आवळ." मला पाऊण तास लागला. वर आल्यावर तिने फक्त विचारलं, "काहून केलंस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या आबांमुळे."

रविवारचे माझे आणि बाबांचे फोन ती त्याच खोलीत बसून ऐकायची. ती म्हणाली, "जळायचं तर खुशाल जळ. पण डिश कशाला फिरवतीस? बापाला फोन फिरव की."

मी फिरवला. बाबा घाबरले, म्हणाले, "आज तर बुधवार आहे, काय झालं?" काही नाही म्हटल्यावर दोघांनाही पुढचं सुचेना. अजूनही फारसं सुचत नाही. पण बुधवारचा फोन चालू राहिला.

मंगलताई आता सोयगावला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मागच्या वर्षी आबा गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती ओसरीत बसून मोठ्याने, लाज न धरता रडत होती. मध्येच आबांचं काहीतरी आठवून हसत होती आणि पुन्हा रडत होती. निघताना तिने मला वेशीपर्यंत सोडलं. मला राहवलं नाही.

"ताई, सांगू नये, पण मला आजसुद्धा तुझा हेवा वाटला. एवढं रडण्यासारखं तुझ्याकडे होतं."

तिने ओढणीने डोळे पुसले.

"वाटू दे," ती म्हणाली. "आबांना कळलं असतं, तर लई खूश झाले असते."