अढीत घातलेली लोकाटं

काकूंच्या झाडाची ती लोकाटं वटवाघळांनी खाल्ली नव्हती, मी तोडली होती. एवढं कबूल करायला मला वीस-बावीस वर्षं लागली.

नोकरी लागल्यावर मी लासूर स्टेशनहून शहरात आलो आणि उस्मानपुऱ्यात काकूंची मागची खोली भाड्यानं घेतली. दारातच लोकाटाचं झाड होतं. काकूंच्या यजमानांनी लावलेलं. फळं धरायच्या आधीच ते गेले. थंडीत झाडाला पांढरट तुरे यायचे आणि सकाळी दार उघडलं की गोड वास थेट खाटेपर्यंत यायचा. होळीच्या सुमारास पिवळी फळं. आंबटगोड गर, आत गुळगुळीत तपकिरी बिया. गावाकडं हे फळ मी पाहिलंही नव्हतं.

त्या वर्षी काकूंच्या लेकीला सातवा महिना होता. डोहाळजेवणाला तिनं एकच मागितलं होतं, बाबांच्या झाडाची लोकाटं. तिला आणायला परभणीला निघताना काकू मला म्हणाल्या, "पोपटांवर लक्ष ठेव. बाकी काही करू नकोस."

दोन दिवस मी पोपट हाकलले. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर टोचलेली फळं खाली पडलेली. आमच्याकडं आंब्याची झाडं. फळ पाडाला लागलं की उतरवायचं आणि अढी घालायची, एवढंच मला ठाऊक. मी सगळे घोस उतरवले आणि खाटेखाली वाळल्या गवतात ठेवले. मोठं शहाणपण केलं असं वाटत होतं. रोज वाकून बघायचो. लोकाट झाडावरच पिकतं, हे मला तेव्हा कळलं. फळं नुसती सुरकुतली, आणि चाखली तर दात आंबले.

काकू यायच्या दिवशी मी ती गवतासकट लांब नेऊन टाकली आणि त्यांना सांगितलं, वटवाघळांनी सगळी खाल्ली, लई आली होती.

लेक झाडाखाली उभी राहून वर बघत राहिली. मग हसून म्हणाली, "बाबांनी वटवाघळांनाच जेवायला बोलावलं वाटतं." तिच्या ताटात बाजारचे चिकू वाढले. मीही त्या दिवशी पोटभर जेवलो.

पुढच्या वर्षापासून काकू प्रत्येक घोसाला जुन्या साडीची पिशवी बांधू लागल्या. त्या स्टुलावर चढायच्या, स्टूल मी धरायचो. त्यांचे पाय थरथरायचे ते माझ्या हातांना कळायचं.  पुढं शहराच्या कडेला पडेगावला स्वतःचं घर झालं, तरी दरवर्षी स्टूल धरायला जात राहिलो.

यंदा काकूंना गुडघ्यांमुळं चढवेना. मी चढलो, स्टूल त्यांनी धरलं. खालून म्हणाल्या, "गाठ घट्ट मार रे. मेल्या वटवाघळांचा नेम नाही."

हातातली पिशवी तशीच घेऊन मी खाली उतरलो.

"काकू, त्या वर्षी वटवाघळं आलीच नव्हती. मी तोडली सगळी, आंब्यासारखी अढी घातली आणि वाया घालवली. वर खोटं बोललो. परभणीच्या ताईंनाही सांगणार आहे, पण आधी तुम्हाला सांगतो. चुकलं माझं, काकू. मला माफ करा."