बॉनेटवरची मिरची

शेजारचे नाना गंजून अडून बसलेल्या नट-बोल्टालाही गोडीत घेतात, “निंघ रे भो, निंघ आते.” सायकलचं पंक्चरही कधी न काढलेल्या या माणसाने जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार अंगणातच दुरुस्त करून चालू केली. मग तिला पांढरा रंग मारला. तेवढ्यात समोरच्या मैदानात पथारीवर वाळणाऱ्या, आमच्या नंदुरबारच्या प्रसिद्ध मिरचीची लाल भुकटी वाऱ्याने उडाली आणि ओल्या बॉनेटवर चिकटली. आम्ही शिंकत हळहळलो. नानांनी नाक पुसलं, बराच वेळ पाहिलं आणि रंग वाळल्यावर त्यावरूनच पारदर्शक लॅकर मारला.

सुरतहून आलेला एक जाणकार म्हणाला, “हे डाग घासून काढा.”

नाना हसले. “मंग गाडी नंदुरबारनी शे, लोकेसले कसं समजी?”

आता पाहुण्यांना मी आधी बॉनेट दाखवतो, गाडी माझीच असल्यासारखा.